लौकीची नाडी

त्या घड्याळानं मला चौतीस दिले. शाळेत पस्तीसला पास करायचे, म्हणून आधी मला वाटलं, एका मार्कानं हुकलं, सर ग्रेस देतील. पण इथं पास व्हायला चाळीस लागत होते. सर म्हणाले, "ग्रेस-बिस काही नसते बाई. मशीन आहे ते."

मशीन. हा शब्द त्या सुरात कोणी काढला की आजही माझे कान तापतात.

मी आठवीतून शाळा सोडलेली. गाव बालाघाटाच्या बोडक्या डोंगरातलं, सातवीपर्यंतच शाळा असलेलं. पुढची शाळा लांब, आई अंथरुणाला खिळलेली, मग आठवी अर्ध्यात राहिली ती राहिलीच. त्यामुळं मी लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. आई गेल्यावर मावशीला आलापल्लीला स्वयंपाकाचं काम लागलं आणि तिनं मला हाताखाली म्हणून सोबत आणलं. गाड्या बदलत बदलत आलो. नागपूर सोडल्यावर झाडं वाढत गेली, आणि शेवटी शेवटी तर दोन्ही बाजूंनी सागच साग. मावशी खिडकीतून बघून म्हणाली, "अगं माय, पुढं रस्ता तरी हाय का?"

रस्ता होता. रस्त्याच्या कडेला सरांचं केंद्र होतं. मुलींनी तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि पळायला शिकायचं. सर शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काढलं. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, एक स्वयंपाकघर. मावशी स्वयंपाक करायची, मी पोळ्या. पहाटे कणीक भिजवून ठेवली की ती मुरेपर्यंत माझ्या हाताला काम नसायचं. तेवढ्या वेळात मी मुलींच्या मागनं पळून यायची. नुसतीच. गावाकडं पाण्याला पळायची तशी. एक दिवस सरांनी बघितलं आणि त्यांनी मला बोलावलं तेव्हा माझी तर बोबडीच वळली. वाटलं, गेलं काम. सर म्हणाले, "कणकीचे हात घेऊन पळते, अन् पोरी तुह्या मागं राह्यतात? उद्यापासून यायच्यासंगं पळ."

त्यांनी मला बूट दिले. मुलींच्या खोलीत पलंग दिला. माझ्या वडलांना स्वतः फोन करून म्हणाले, "भाऊ, पोरगी मले द्या काही दिवस. इच्यात दम आहे." माझ्यासाठी कुणी कुणापाशी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. वडील म्हणाले, पळत असंल तोवर राहू द्या. पळणं थांबलं की लावून द्या, इथं एक स्थळ आलंय.

म्हणजे बघा, तो पलंग नुसता झोपायचा नव्हता. तो होता तोवर मी तिथं होते. सरांचे उपकार माझ्यावर आहेत, ते मी मरेपर्यंत मानीन. राग येतो तो म्हणूनच जास्त येतो. परक्याचा राग येऊन जातो. ज्याचं अन्न खाल्लंय त्याच्या रागाला घशातून वर यायला जागा नसते, तो तिथंच बसून राहतो.

माझ्या शेजारचा पलंग एटापल्लीकडच्या एका मुलीचा होता. तिचं गाव एटापल्लीहूनही आत, जंगलात. तिची बोली माडिया, मराठी मोजकी. माझी मराठी बालाघाटाची. खोलीतली चंद्रपूरची मुलगी म्हणायची, "तुम्ही दोघी बोलता तं मले खाली सबटायटल लागते वं." ही चंद्रपूरची म्हणजे घड्याळवाल्याची मुलगी. तिच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. तोंडानं फटकळ, पायानं आळशी, मनानं सोनं. नाल्याच्या पुलापर्यंत पळायची आणि तिथं कठड्यावर बसून आमच्या परतीची वाट बघायची.

एटापल्लीची पळायची ते बघण्यासारखं होतं. तोंड मिटून पळायची. आमची सगळ्यांची छाती भात्यासारखी चालायची, आणि ही जणू शेजारच्या घरी काही मागायला निघालीय. लाकूड डेपोच्या चढावर ती आमच्यातून निघून जायची, आणि वळणावरनं एकदा मागं वळून हसायची. सर त्या वळणावर शिट्टी घेऊन उभे असायचे. त्यांनी ते रोज बघितलं होतं. हे लक्षात ठेवा. रोज, स्वतःच्या डोळ्यांनी.

मग घड्याळं आली.

नागपूरचे एक साहेब होते, पळण्याचे शौकीन, केंद्राला मदत करायचे. त्यांनी खोकं पाठवलं. सरांनी खोक्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दोघींत एक घड्याळ, आळीपाळीनं बांधायचं, आणि सर त्यात जिचं तिचं नाव लावून द्यायचे. आमच्या वाट्याचं मला आणि एटापल्लीच्या मुलीला मिळून. चंद्रपूरचीनं तिचं घेतलं, आधी कानाला लावलं आणि म्हणाली, "सर, हे तं मेलेलं आहे. टिकटिकच नाई."

"याले टिकटिक नसते. हे तुही टिकटिक मोजते," सर म्हणाले. आणि त्यांनी समजावून सांगितलं. घड्याळाच्या पाठीला हिरवा उजेड आहे, तो कातडीखालचं रक्त बघतो आणि हृदयाचे ठोके मोजतो. वरून उपग्रहाकडून कळतं की तू किती जोरात पळतेस. दोन्ही जुळवून घड्याळ एक नंबर काढतं. तुझं शरीर हवेतला प्राणवायू किती ओढून किती वापरू शकतं, त्याचा तो नंबर. "म्हंजे तुह्यं इंजिन केवढं आहे ते. टेम्पोचं आहे का ट्रकचं."

"अन् स्कूटीचं असन तं?" चंद्रपूरचीनं विचारलं.

"तं तुह्यं निघन."

सगळे हसले. मी पण हसले. मग सरांनी आपला पांढरा रुमाल काढला, चौघडी केली, मनगटावर ठेवली आणि त्यावरून घड्याळ बांधून दाखवलं. "महागाचं आहे. घाम लागला तं खराब होईन. रुमाल खाली घेत जा. साहेबानं इतक्या दुरून पाठवलं, जपून वापरा."

आता सांगते, आमच्याकडं वस्तू कशी जपतात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, नव्या खुर्चीचा कागद कुणी काढत नाही. महागाच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे आधी मध्ये काहीतरी घालायचं. त्यामुळं सर म्हणाले त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बाकीच्या मुलींचे रुमाल पळताना घसरायचे, त्यांनी चार दिवसांत सोडून दिले. चंद्रपूरचीनं तर पहिल्याच दिवशी, "मले खाजवते" म्हणून. पण आम्ही दोघी! मी उपकाराखाली वाकलेली, आणि ती, जिच्या गावात एवढी महागाची वस्तू कुणी मनगटावर घातली नसंल. आम्ही रुमाल धुवायचो, वाळवायचो, घडी नीट बसली का बघायचो. काचेवरची पारदर्शक पातळ पट्टीसुद्धा आम्ही काढली नाही. सर्वांत जास्त जपून ते घड्याळ कुणी वापरलं असेल तर आम्ही.

त्याचं फळ मला चौतीस मिळालं. तिला तेहतीस.

सरांनी फळ्यावर नंबर लिहिले. चंद्रपूरचीला त्रेचाळीस. ती स्वतःच घाबरली. "सर, गलत होऊन राह्यलं काही तरी. मी पुलावर बसून राह्यते." सर म्हणाले, "तुह्यं इंजिन मोठं आहे, तू आळशी आहे. मशीनले फसवता येत नाई."

मग नागपूरच्या साहेबांचा फोन आला. चाळीसच्या खालच्या मुलींवर वेळ घालवू नका, त्यांची जागा दुसऱ्यांना द्या. सरांनी आम्हा दोघींना शेडमध्ये बोलावलं. त्यांना वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मला म्हणाले, "तू काही कुठी जाऊ नको, मावशीजवळ राह्य, पोळ्या आहेतच." तिला म्हणाले, "तू घरी जाय बाई."

एटापल्लीची म्हणाली, "मी हळू पळते का?"

"नाई. आता जोरात पळते. पण आतमंदी तेवढं नाई तुह्यात. पुढं चालून दम सुटन. आपल्याले वरचं दिसते, मशीन आतलं पाह्यते."

मी तिथं उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तुम्ही रोज वळणावर उभे असता ना सर, तुम्हाला काय दिसतं? पण ते बाहेर पडलं नाही. माझं तोंड उघडलं ते "बरं सर" म्हणायला.

तिला सोडायला मी बसस्टँडवर गेले. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. घड्याळ माझ्या हातात देताना तिनं रुमालसुद्धा धुऊन घडी करून दिला होता.

"चाळीस कोणाले भेटले?" तिनं विचारलं.

"चंद्रपूरचीला. त्रेचाळीस."

"ती तं पुलावर बसते."

"हो."

तिनं थोडा विचार केला. "मंग बसाचंच होतं," ती म्हणाली. जोहार केला आणि गाडीत चढली.

मी परत आले आणि माझी गादी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत नेली. मावशीनं माझ्या वाट्याचा भात जास्त वाढला. वडलांना आम्ही दोघींनी काही कळवलं नाही. फोन वाजला की मात्र वाटायचं, सरांनीच सांगितलं असंल तर? घड्याळं पुसायचं आणि चार्जिंगला लावायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं, का तर मी नीट जपते म्हणून. म्हणजे ज्यानं मला बाहेर काढलं त्याची रोजची आंघोळ माझ्याकडं! संघ चंद्रपूरच्या शर्यतीला गेला, त्यांच्या वाटेच्या पुऱ्या मीच लाटल्या. लाटणं एवढं आपटत होते की मावशी म्हणाली, "पोळपाटानं काय केलं गं तुझं?"

पहाटे मुली पळायला निघाल्या की मी खिडकी लावून घ्यायची. पायांचा आवाज ऐकवायचा नाही. त्या आवाजात एक आवाज कमी आहे हे मला एकटीलाच कळत होतं.

आणि मग ती लौकी.

आम्ही गावाकडं तिला दुधी भोपळा म्हणतो, इथं लौकी म्हणतात. पोरींना ती आवडत नाही, तरी आठवड्यातून दोनदा तीच. चंद्रपूरची चहाला म्हणून स्वयंपाकघरात आली होती. आमचं घड्याळ, म्हणजे ते रुमालाचं, ओट्यावर पुसून ठेवलं होतं. तिनं उचललं, शेजारची कोवळी लौकी उचलली, तिच्या बारीक गळ्याभोवती रुमाल गुंडाळला आणि वर घड्याळ बांधलं.

"ठेव ते," मी ओरडले. "सर बघतील."

"पाहू दे ना. इची पण टेस्ट घेऊ. सगळ्यायची झाली, हिची काऊन नाई?" तिनं बटण दाबलं. पाठीमागचा हिरवा उजेड रुमालातून पाझरला. घड्याळ थोडा वेळ विचारात पडलं, आणि मग त्यानं ठोके दाखवले.

लौकीचे ठोके. चांगले ठणठणीत.

चंद्रपूरची ओट्याला धरून खालीच बसली, हसून हसून तिला उचकी लागली. मावशी विळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आता गं? जित्ती हाय म्हणल्यावर चिरू कशी मी हिला?"

मला हसू आलं नाही. मी लौकीचं घड्याळ सोडलं, रुमालासकट माझ्या मनगटावर बांधलं आणि ओट्यापाशीच धावले, जागच्या जागी, पाय आपटत. ठोके भराभर वर गेले. मी थांबले. दम लागलाच नव्हता, तरी आकडा खाली यायला तयार नाही. मग रुमाल काढून फेकला आणि उघड्या कातडीवर घट्ट बांधलं. आकडा सरसर उतरला, माझ्या छातीवर हात ठेवून मोजता येईल एवढ्यावर आला. परत रुमाल घातला, परत धावले. परत तेच. ते माझं हृदय मोजतच नव्हतं. त्याला कापड दिसत होतं, त्यावरून ते काहीतरी आकडा ठोकून देत होतं, आणि पळायला लागलं की पायांच्या आपटण्यालाच ठोके समजत होतं. हळू पळाले तरी त्याला वाटायचं, हिचं हृदय फुटायला आलंय, हिचं इंजिन टेम्पोचं पण नाही.

चंद्रपूरचीचं हसणं थांबलं होतं. "तुम्ही दोघी..." ती म्हणाली. "तुम्ही शेवटपर्यंत रुमाल बांधत होत्या?"

मी सरांना बोलावून आणलं. लौकी तशीच दाखवली, घड्याळ बांधून. सरांना आधी भयंकर राग आला. "साहेबाच्या घड्याळाची मस्करी करून राह्यल्या?" मग आकडा दिसला. त्यांनी लौकी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. ती तशीच धडधडत होती. मी रुमालाचं सांगितलं, करून दाखवलं. सरांनी दुसऱ्या हातानं रुमाल उचलून बघितला. आणि मग मला म्हणाले,

"पण तू रुमाल काऊन बांधला?"

माझ्या कानशिलात वाजलं. आजही मी ते वाक्य आठवून एकटीच भांडते. तू रुमाल काऊन बांधला! मावशीनं विळी खाली ठेवली.

"तुम्हीच म्हणला होता सर," ती म्हणाली. "नारळ फोडला त्या दिवशी. तुमच्याच रुमालानं दाखवलं. मी खोबरं गोळा करत होते, म्हणून ध्यानात राह्यलं माझ्या."

सरांनी लौकी ओट्यावर ठेवली. "असन," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मला उघड्या मनगटावर घड्याळ बांधून पळवलं. नंबर दोन पळण्यांत येत नाही, घड्याळाला सवय व्हावी लागते म्हणे माणसाची. हळूहळू तो चढला. कडक उन्हाचा दिवस असला की खाली यायचा, ढग आले की वर. सागाच्या दाट पट्ट्यात उपग्रह हरवला की भलतंच काही सांगायचा. इंजिन तेच, आणि नंबर रोज हिंदकळतोय. चंद्रपूरचीनं मोबाइलवर वाचून सांगितलं की खरं माप तोंडाला मास्क लावून, मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून, मोठ्या ठिकाणी करतात. घड्याळ फक्त अंदाज बांधतं, आणि नीट बांधलं तरीही तो अंदाजच. "अब्बा म्हणतात, भविष्यवाला अन् हे, दोघं हातच पाह्यतात," ती म्हणाली.

शेवटी पंचेचाळीस आले. सरांनी फळ्यावर माझा चौतीस पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहा! मेहनत केली पोरीनं. नंबर वाढवला."

मेहनत! मी इतके दिवस पोळ्या लाटत होते! पोळ्या लाटून इंजिन मोठं होत असेल तर मावशीला पाठवा शर्यतीला. जे मी होते तेच मी होते, तेच पाय, तोच श्वास. कमी होता तो एक रुमाल. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "थँक्यू सर." सवयीनं निघालं तोंडातून. खोलीत गादी परत आणली, पलंगावर टाकली, आणि शेजारचा पलंग बघितला. त्यावर कुणीतरी वाळलेले कपडे टाकून ठेवले होते.

मी तशीच शेडमध्ये गेले. "सर, एटापल्लीच्या मुलीला बोलवा. ती पण रुमाल बांधत होती."

"होय ना," सर म्हणाले. "पण तिचा नवीन नंबर नाई ना आपल्याजवळ. जुना तेहतीसच आहे. साहेबाले काय सांगू?"

"ती इथं नाही, मग नवा नंबर येणार कसा?"

"तेच तं म्हणून राह्यलो."

हे ऐकून पहिल्यांदा माझा आवाज चढला. नंबर नाही म्हणून ती येऊ शकत नाही, आणि ती येत नाही म्हणून नंबर नाही! "सर, तुम्ही वळणावर उभे असता. तुम्ही तिला बघितलंय." हे वाक्य शेवटी बाहेर पडलं. आता सर वडलांना फोन लावणार, संपलं, हेच डोक्यात.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग कपाटातून ते घड्याळ काढलं. "असं कर. हे घेऊन जाय तिच्या गावी. चांगलं कातडीले चिकटवून बांध, चार दिवस राह्यून पळव तिले. काय येते ते सांग."

एटापल्लीपर्यंत बस होती. लोखंडाच्या खाणीचे ट्रक पुढून येत होते, खिडकीतून लाल धूळ आत येत होती, आणि मी घड्याळ पिशवीत, पिशवी पोटाशी धरून बसले होते. पुढं एका जीपनं, मग पायी. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. ती मला गावाच्या अलीकडंच सापडली, आईबरोबर झाडाखाली मोह वेचत होती. मला बघून टोपली ठेवून उठली आणि आधी माझ्या बुटांकडं बघितलं.

"पळते तू?"

मी सगळं सांगितलं. रुमाल, लौकी, पंचेचाळीस. लौकीच्या जागी ती खूप हसली, आईला माडियात सांगितलं, आई पण हसली. मग मी पिशवीतून घड्याळ काढून तिच्यापुढं धरलं. तिचं हसू गेलं.

"हे नाई बांधत मी."

"अगं, आता रुमाल नाही. खरा नंबर येईल."

"सराले सांग, मी लौकी नाई."

मी किती विनवलं. सरांचं सांगितलं, पलंगाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पळाचं असन तं पळू. घड्याळ तू बांध." आणि चप्पल झाडाखाली काढून ठेवून रस्त्याला लागली.

मी घड्याळ माझ्या मनगटावर आवळलं आणि तिच्या मागं निघाले. मातीचा रस्ता, एक ओढा, मग चढ. मी जेवढं होतं तेवढं सगळं लावलं. माझा राग लावला. रुमाल, पुऱ्या, ते "असन", ती "मेहनत", सगळं पायांत घातलं. ती दोन झाडं पुढंच राहिली, तोंड मिटून, कितीतरी दिवस मोह वेचून आलेली, अनवाणी. चढाच्या वर जाऊन मागं वळून हसली. मी गुडघ्यावर हात टेकून उभी होते तेव्हा घड्याळ थरथरलं. नवा नंबर. सत्तेचाळीस. माझा आजवरचा सगळ्यात मोठा.

परतल्यावर सरांनी विचारलं, "किती आला तिचा?"

"तिनं नाही बांधलं. मी बांधलं होतं," मी म्हणाले आणि मनगट पुढं केलं. "हा माझा. मी पूर्ण रस्ता तिच्या मागं होते, पाठच दिसत होती फक्त. आता तुम्ही सांगा, तिचा किती लिहायचा."

सरांनी माझं मनगट धरून आकडा परत वाचला. मी "सॉरी सर" म्हणाले नाही. तोंडावर येऊन थांबलं ते, मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकल काढून स्वतः गेले. साहेबांना विचारलं नाही, एवढं मला माहीत आहे. दुपारी परत आले ते एकटेच. मागची सीट रिकामी बघून मी दारातच थांबले. सर घामेजलेले, पायावर लाल माती. मला म्हणाले, "मोह झाल्यावर येतो म्हणते. मले म्हणे, तुमी घाई करू नका." पाय झटकत म्हणाले, "तो पलंग खाली करून ठेव."

मी त्यावरचे कपडे उचलून ज्याच्या त्याच्या अंगावर फेकले.

मोह संपल्यावर ती आली. पिशवी तीच. तोवर चंद्रपूरला होती ती शर्यत होऊन गेली होती. उन्हाळ्यात साहेब दोन मुलींना मोठ्या शिबिराला घेऊन गेले होते, त्यातली एक चंद्रपूरची. तिनंच तिथून फोन करून सांगितलं, "मले इथी पळवून मारून राह्यले वं, अन् इथी पूल पण नाई." ते शिबिर एटापल्लीच्या मुलीचं होतं. ते तिला कुणी परत दिलं नाही. पुढच्या वर्षी पाहू, असं सर म्हणाले. पुढचं वर्ष त्यांच्या खिशात आहे का?

सर आजही माझे सर आहेत. मी आजही त्यांच्या पाया पडते आणि आजही पहाटे कणीक भिजवून पळायला जाते. वडलांनी स्थळाचं नाव काढणं सोडलंय. हे सगळं त्यांच्यामुळं. आणि तरीही त्या एका उन्हाळ्याचा राग माझ्यात तसाच आहे, पाया पडतानासुद्धा.

ती आली त्या दिवशी आधी स्वयंपाकघरात आली. मावशी लौकी चिरत होती. एटापल्लीची दारात उभी राहून बघत राहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बाई, इचा नंबर किती होता?"

"काय की बाई," मावशी म्हणाली. "फळ्यावर काय लिवला न्हाई. तुझ्यापरीस जास्तच असंल."

त्या दोघी हसायला लागल्या. मी शेवटची पोळी काढली, आणि चिमटा सापडेना म्हणून घड्याळाखालचा तो आमचा पांढरा रुमाल घेऊन तवा उतरवला. तो आता त्याच कामाला आहे.